काकूंच्या फोटोसाठी रोल

नागपूर

प्रिय मित्रा,

मे महिन्यात काकूंच्या पंचाहत्तरीला येतोयस आणि काकांच्या जुन्या यशिका-मॅट या फिल्म कॅमेऱ्यावर काकूंचे फोटो काढणार आहेस, हे वाचून फार आनंद झाला. कोणता रोल आणू विचारलंस. कोडॅकची पोर्ट्रा 400 ही रंगीत फिल्म आण, दोन रोल (400 म्हणजे फिल्मची उजेडाला संवेदनशीलता). पैसे वाचवायचे असतील तर कोडॅकचा गोल्ड 200 सुद्धा यशिकाला लागणाऱ्या 120 या रुंद आकारात मिळतो आणि त्याची पिवळसर छटा मला आवडते, पण काकूंच्या सावळ्या रंगातले बारीक उतारचढाव पोर्ट्राच नीट सांभाळतो. कोडॅकचा एक्टार 100 नकोच. अंबाझरी तलावाचं पाणी, संत्र्याची बाग यासाठी तो छान. चेहऱ्यावर गाल लालभडक करतो. फुजीचा प्रो 400एच तर 2021 पासून बंदच आहे.

आता खरं सांगायचं ते. गेल्या वर्षी इथल्या महाल भागातल्या वाड्यात मी आजीचे फोटो काढले. ती ओसरीवर बसली होती, मागे चुन्याची पांढरी भिंत. मी उजेड मोजणाऱ्या मीटरचं ऐकलं आणि मीटरने भिंतीचं ऐकलं, म्हणजे पांढऱ्या भिंतीमुळे फिल्मला उजेड कमी दिला. निगेटिव्ह धुऊन आली ती काचेसारखी पातळ, जवळजवळ पारदर्शक. रोल उत्तम होता, पण डोळ्यांखालच्या सुरकुत्यांत नुसता हिरवट-करडा गाळ. दिवाळीच्या आधी आजी गेली. रंगीत निगेटिव्ह जास्तीचा उजेड पोटात घेते, कमी पडला तर मात्र सावलीत काहीच उरत नाही, हे तेव्हा असं कळलं.

म्हणून 400 च्या रोलला मीटर 200 वर लावायचा, म्हणजे दुप्पट उजेड मिळेल, आणि काकूंच्या गालाजवळ, सावलीच्या बाजूला धरून मोजायचं. यशिकाच्या मीटरवर विसंबू नकोस, माझा हातातला मीटर आहे.

आणि दुपारी अजिबात नाही. आपल्याकडच्या मेच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. शिवाय यशिकाचा शटर 1/500 सेकंदाच्या वर जात नाही, त्यामुळे 200 धरलं तरी लेन्सचं छिद्र एफ 11 पर्यंत लहान करावं लागेल. मग मागची वाळत घातलेली लुगडीही चेहऱ्याइतकीच स्पष्ट येतील. सकाळी सातच्या सुमारास व्हरांड्यात बसवू. तिथे 1/250 ला एफ 4 च्या आसपास, म्हणजे मोठं छिद्र मिळेल, मागचं सगळं मऊ होईल. तुमच्या समोरच्या भिंतीचा हिरवा डिस्टेंपर मात्र गालावर उतरतो, मी पाहिलंय. तिच्यावर पांढरी चादर टांगू.

रोल आला की थेट फ्रिजमध्ये. वापरायच्या दोन तास आधी बाहेर काढायचा, पाकीट न फोडता, नाहीतर दमट होतो. गाडीत तर विसरूच नकोस बे, 45 अंशांत बंद गाडीची भट्टी होते.

फिल्म धुणं माझ्या घरी करू. डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, 37.8 अंशांवर, सव्वातीन मिनिटं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी याहूनही गरम येतं, तेव्हा बर्फ तयार ठेवतो.

एका रोलला बाराच फोटो. पहिला रोल घाईत संपवू नकोस. एक दिवस आधी ये, व्हरांड्यातला उजेड दोघं मिळून बघू.

तुझाच,
नागपूरचा मित्र