शेडचा पाया: दिनूस पत्र

चोपडा तालुका,
आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) अलीकडचा आठवडा

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार. तुझा निरोप मिळाला. शेडचा पाया एवढा का लांबतोय, असं तू वहिनींजवळ हसत म्हणालास म्हणे. हस बाबा. तुमच्या पिंपळनेरला दोन कुदळी मारल्या की मुरूम लागतो. आमची ही तापीकाठची काळी गाळाची जमीन. विहिरी खोदणाऱ्यांना विचार, माती संपता संपत नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहितो. तुला यायचंच आहे, तर आल्यावर वाद घालत बसण्यापेक्षा वाद आधीच झालेला बरा.

शेड कशाला, ते तुला ठाऊक आहे. कापूस भावासाठी थांबवला की घरातली पुढची खोली अडते आणि उन्हाळ्यात सगळ्या घराला खाज सुटते. ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी ओट्यावर पडलेली, त्यांना उंदीर कुरतडतात. तेव्हा मागच्या दारी 12 बाय 15 फुटांची पत्र्याची शेड, सहा लोखंडी पाइपांवर. पश्चिमेकडची बाजू बंद, पूर्वेला उघडी. एवढंच.

मिस्तरी आला, जागा पाहिली आणि म्हणाला, "भाऊ, पत्राना शेडले इतला खोल खड्डा कसाले?" त्याच्या हिशेबाने दीड फुटाचे खड्डे, त्यात पाइप रोवून काँक्रीट, वर पत्रे, दोन दिवसांत काम. गावात सगळे तसंच करतात, आणि त्याचं म्हणणं एका अर्थी खरंही आहे. पत्र्याच्या शेडला वजन ते काय? अर्ध्या मिलिमीटर जाडीचे पत्रे सगळे मिळून शंभर किलोच्या आसपास. तेवढं ओझं ही माती सहज पेलेल. पण दिनू, आपल्याकडे शेडच्या पायाला ओझं पेलायचंच नसतं, शेड खाली धरून ठेवायची असते. खालून माती उचलते, वरून वारा उचलतो.

आधी वाऱ्याचं. ताशी 100 किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला साधारण 47 किलोचा दाब देतो. आपलं छत पागोळ्यांसकट 20 चौरस मीटर धर, म्हणजे ओढ नऊशे किलोंच्या वर. त्यात एक बाजू उघडी, तीत वारा शिरला की शेडची उलटी छत्री होते. मृगाच्या आधीच्या वादळात रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा कशा आडव्या होतात ते आपण पाहतोच. त्याच वाऱ्यात पत्रेही उडतात. आता काँक्रीटचं वजन बघ. एका घनफुटाला 68 किलो. एक फूट व्यासाचा, पाच फूट खोल खड्डा भरला तर पावणेचार-चार घनफूट, म्हणजे 265 किलो. असे सहा मिळून सोळाशे. वाऱ्याचा हिशोब इथे मिटतो.

मातीचा हिशोब मात्र एवढा सरळ नाही. आपली माती किती फुगते ते एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेतून काचेच्या दोन मोजनळ्या मागून आणल्या. मागच्या दारचं ढेकूळ वाळवलं, कुटलं, मैद्याच्या चाळणीने चाळलं. दोन्ही नळ्यांत 10-10 घनसेंटिमीटर भुकटी घातली. एकीत पाणी, दुसरीत तुलनेसाठी रॉकेल, कारण रॉकेलने माती फुगत नाही. (रॉकेल मिळवणं हेच यातलं खरं कठीण काम. हल्ली ते कोणाच्या घरात असतं?) काडीने ढवळून हवेचे बुडबुडे काढले आणि एक दिवस हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी रॉकेलमधली माती 10 च्या खुणेवर होती तशीच, पाण्यातली 18 वर. वरचा थर मऊ, लोण्यासारखा नव्हे, थेट शेवाळासारखा लिबलिबीत. मिस्तरीला दाखवलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला. अशीच चाचणी भारतीय मानकांत आहे, मी काही नवीन काढलेली नाही.

तर वैशाखात ही माती आक्रसून हातभर भेगा पाडते आणि आषाढात फुगते. आमच्या गल्लीत फिर, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या निघालेल्या चिरा घराघरांत दिसतील. जुन्या धाब्याच्या घरांना त्या फारशा पडत नसत, कारण सागाचे खांब दगडी तळखड्यावर नुसते उभे असायचे. जमीन हलली की घरही थोडं हलायचं आणि गप बसायचं. विटा-सिमेंटला तशी सवय नाही.

पोकळ उपाय बरेच सुचवले लोकांनी. खड्ड्यात नदीची वाळू भर, असं एक काका म्हणाले. वाळू चांगली दबते, हे खरं. पण काळ्या मातीत वाळूचा खड्डा म्हणजे पाणी साठवायची टाकीच. पाणी आत येतं, बाजूच्या मातीला पाजत राहतं. मुरूम बरा, तोही थोडी चिकट माती असलेला: दाबला की घट्ट बसतो, पाणी सहज जाऊ देत नाही आणि स्वतः फुगत नाही. आयआयटी मुंबईत प्रा. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर अशाच न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर द्यायची पद्धत मांडली होती.

आणि घर बांधायचं असतं तर मी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने रुजवलेली पद्धत धरली असती: खाली फुगीर बुडाचे खांब, साडेतीन मीटर खोल, कारण ओल-कोरडेपणाचा खेळ साधारण तिथवर चालतो. शेडसाठी तेवढा खर्च मला पटत नाही. त्यातली युक्ती तेवढी घेतोय. ट्रॅक्टरच्या गिरमिटाने तीन फूट, पुढचे दोन फूट हाताच्या गिरमिटाने, आणि तळाशी पहारीने चौफेर कोरून बूड रुंद करायचं, म्हणजे खांब वर ओढला तरी अडकेल. वरच्या तीन फुटांत मात्र खड्ड्याला आतून जाड प्लास्टिकचा कागद दुहेरी लावायचा. फुगलेली माती काँक्रीटला धरून वर ओढते. कागद असला तर ती नुसती घसरते. आत 12 मिलिमीटरच्या चार सळ्या तळापासून वरपर्यंत आणि रिंगा, नाहीतर वरचा भाग मातीबरोबर उचलला जाईल आणि खालचा तुटून जागेवरच राहील. हे तू मिस्तरीला समजावून सांग. माझ्या सांगण्याला आता वजन राहिलेलं नाही.

पाइप काँक्रीटमध्ये पुरणार नाही. वर चार-चार बोल्ट सोडून त्यावर लोखंडी पाटी बसवायची. एखादा खांब तरीही अर्धा इंच वर आला, तर नट सैल करून समतोल करता येतो. बोल्टांच्या आट्यांना ओतण्याआधी ग्रीस आणि टेप, आणि जागेवरून हलू नयेत म्हणून प्लायचा फर्मा. खालच्या आडव्या पाइपाखाली तीन इंच मोकळी फट, मातीला फुगायला जागा. उंदरांसाठी त्या फटीवर जाळी लावू.

माल फारच थोडा लागतो, हे बघून मलाच आश्चर्य वाटलं. एकास दीडास तीन या मिश्रणाने सहा खांबांना सिमेंटच्या सहा गोण्या, दहा घनफूट वाळू, वीस घनफूट खडी. जास्त जातो तो मुरूम. आतली दीड फूट काळी माती काढून तिथे मुरूम भरायचा, दाबून कमी होतो म्हणून साडेतीन ब्रास, म्हणजे साडेतीनशे घनफूट. सहा-सहा इंचांचे थर, पाणी मारून धुमसायचे. त्यावर शहाबादी फरशी, काँक्रीट नाही. मिस्तरी यावर नाराज आहे. पण काँक्रीट तडकलं की तडकलं, फरशी उचलून खाली मुरूम टाकून पुन्हा बसवता येते.

आखणी आपण दोघं करू. चुन्याने रेघ, कोपरा 9-12-15 फुटांच्या त्रिकोणाने काटकोनात, आणि शेवटी दोन्ही कर्ण मोजायचे: 19 फूट अडीच इंच आले पाहिजेत. पाणसळीची नळी माझ्याकडे आहे. मोरीचं पाणी आजवर तिकडेच सोडलं होतं, ते आधी नळीने शेतात वळवलंय, आणि शेडभोवती तीन फुटांची बाहेर उतार असलेली फरशी करणार आहे. पन्हाळही हवेच. कडुलिंबापासून शेड जितकी लांब सरकेल तितकी सरकवली, त्याची मुळं उन्हाळ्यात सगळी ओल ओढतात.

ओतायचं ते पहाटे. दिवसा 44-45 अंशांत काँक्रीट पाटीतच आवळतं. पाणी पिण्याचंच वापरायचं. गोणपाट ओले ठेवायचे ते पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला या उन्हात 14 दिवस. तेवढं आईच बघेल, तिने आधीच सांगून ठेवलंय.

आखाजी झाली की सालदार नवीन लागतील, मजूर मोकळे होतील. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून केव्हाही ये, मृगाआधी पत्रे चढले पाहिजेत. खापरावरचे मांडे हवे असतील तर मात्र आखाजीलाच ये, उशीर केलास तर तुझ्या वाट्याला पिठलं. येताना काटकोन तपासायचा तुझा मोठा गुण्या आण, आणि तुमच्याकडच्या गाडीवाल्याला विचार, तो मुरूम इथपर्यंत काय भावाने टाकेल. इथला भाव मला जास्त वाटतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुभाष