गेटीला अर्ज करा, पण औंधचं काय?

संपादक साहेब,
लॉस एंजेलिसच्या गेटी रिसर्च इन्स्टिट्यूट या कला-इतिहासाच्या संशोधन संस्थेची स्कॉलर रेसिडेन्सी (म्हणजे काही महिने तिथे राहून, स्टायपेंड घेऊन अभ्यास करायची सोय) कुठल्याही देशाच्या अभ्यासकाला खुली असते, पण आपली पोरं बायोडेटा चकाचक करतात आणि प्रपोजल आदल्या रात्री कसंबसं उरकतात. अहो तिथे वर्षाची एक थीम ठरलेली असते, आपला विषय तिच्यात कुठे बसतो आणि त्यांच्या लायब्ररीतलं नेमकं काय बघायचंय हेच लिहिलं नाही तर अर्ज गेलाच म्हणून समजा. बरं, सातारा जिल्ह्यात औंधचं म्युझियम १९३८ पासून आहे, रविवर्म्याची चित्रं आहेत, ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं शिल्पसुद्धा आहे (खरंच!), मग तिथे अभ्यासकाला दोनतीन महिने राहायला खोली अन् थोडं स्टायपेंड द्यायला सरकारला काय जड जातंय?

— एक वाचक, सातारा