गप्प बसण्याची किंमत कोणाच्या खिशातून?

महोदय,

यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, अकरा वर्षे बारमाही काटा कारकून म्हणून काम केल्यावर मी राजीनामा दिला, तेव्हा मालकांनी पाचशे रुपयांच्या मुद्रांकावरील करारनामा पुढे केला. जिनिंगमधील यंत्रे, काम वा व्यवस्थापन यांविषयी कोणापाशीही वावगे बोलणार नाही, बोललो तर रक्कम परत करीन, असा त्याचा मथितार्थ होता आणि ‘सगळे मिळून’ 90,000 रुपये मिळणार होते. मुलीच्या नर्सिंगची फी भरायची होती. मी सही केली. या पत्रात जिनिंगचे नाव नाही ते त्या सहीमुळेच.

हिशेब मी नंतर केला, आणि आयुष्यभर काट्यावर बसलेल्या माणसाला हे शोभत नाही. 1972 च्या कायद्याने (2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे) पाच वर्षे सलग नोकरी झालेल्यास ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचा, हक्क दिला होता आणि महिन्याचे 26 दिवस धरून दर वर्षामागे 15 दिवसांचे वेतन द्यावे लागे. माझ्या 13,000 रुपये पगारावर ते वर्षाला 7,500, म्हणजे अकरा वर्षांचे 82,500 रुपये होतात. ते माझेच होते. माझ्या तोंडाला लावलेल्या कुलपासाठी मालकांच्या खिशातून गेले ते फक्त 7,500.

हक्काची ग्रॅच्युइटी करार करून कमी करता येत नाही, आणि अशा करारात न्यायालयात दाद मागण्यास पूर्ण बंदी घालणारी अट असलीच, तर ती 1872 च्या करार कायद्याच्या कलम 28 नुसार रद्दबातल आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने तर 2023 मध्ये एका रुग्णालयाच्या प्रकरणात, गप्प बसवणारा असा करार कामगारांपुढे नुसता ठेवणेही बेकायदा ठरवले. आपल्याकडे मात्र मुद्रांक पाहूनच माणूस दबतो आणि मालकाला तेवढे पुरते. निदान ग्रॅच्युइटीचा हिशेब वेगळ्या कागदावर दिल्याखेरीज अशा करारावर सही घेऊ नये, असा आदेश कामगार आयुक्तांनी काढावा.

खेड्यात कामाच्या जागेची चौकशी तिथून सुटलेल्या माणसाकडेच होते. दिवाळीनंतर आमच्या वस्तीतल्या दोघी रेच्यावर, म्हणजे सरकी काढण्याच्या यंत्रावर, कामाला जाण्यापूर्वी मला विचारायला आल्या होत्या. पगार वेळेवर होतो, एवढेच मी सांगितले आणि ते खरे आहे. रेच्याच्या पट्ट्याला जाळी नाही, हे सांगितले नाही.

आपला,
एक माजी काटा कारकून, जि. यवतमाळ