आर्थिक उद्दिष्टे खर्चात नव्हे, परिणामात मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महापालिकेचे अंदाजपत्रक सादर झाले की चर्चा होते ती तरतुदींची. रस्त्यांना किती, उद्यानांना किती, कोणत्या प्रभागाच्या वाट्याला काय आले, याचा हिशेब सगळे मांडतात. शहरातील रोजगार आणि व्यापार कुठवर न्यायचा आणि तो तिथवर पोहोचला हे कशावरून ओळखायचे, हा प्रश्न मात्र मागे पडतो. वास्तविक ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या, नागरी संस्थांच्या कामांची यादी देणाऱ्या बाराव्या अनुसूचीत आर्थिक व सामाजिक विकासाचे नियोजन हा विषय तिसऱ्याच क्रमांकावर आहे. ती दुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली आणि सांगली-मिरज-कुपवाड महापालिका १९९८ मध्ये स्थापन झाली. त्यामुळे हे काम आपले नव्हे, असे म्हणण्यास तिला वाव नाही.

उद्दिष्ट आपल्या आवाक्यातले हवे. हळदीचा दर पीक, शिल्लक साठा आणि बाहेरगावची मागणी यांवर ठरतो आणि सौदे बाजार समितीत निघतात. ती उलाढाल वाढली म्हणून महापालिकेने श्रेय घेऊ नये आणि घटली म्हणून तिला दोषही देऊ नये. परवाना किती दिवसांत मिळतो, मंडईतील गाळे रिकामे का पडतात, पेठेतले गटार पावसात तुंबते का, याची जबाबदारी मात्र तिचीच आहे.

सांगलीपुरते बोलायचे तर माझ्या मते पहिले उद्दिष्ट पुराशी जोडलेले असावे. २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन महापुरांचा फटका या बाजारपेठेने सोसला आहे. हरभट रोड आणि मारुती चौकातील दुकानदार कृष्णेचे पाणी वाढू लागले की खालच्या फळीवरचा माल माळ्यावर चढवतात आणि आयर्विन पुलाजवळ पातळी किती फूट झाली, हे तासातासाला विचारत राहतात. पाणी ओसरल्यावर कोणत्या गल्लीतला चिखल कितव्या दिवशी उचलला गेला, किती दिवसांनी शटर उघडले आणि कोणते दुकान पुन्हा उघडलेच नाही, याची गल्लीवार नोंद ठेवली पाहिजे. पूर ओसरल्यापासून पंधरा दिवसांत दहापैकी नऊ दुकाने सुरू व्हावीत, असे उद्दिष्ट जाहीर केले तर पंप, सफाई कामगार आणि औषध फवारणी यांचे नियोजन त्याच्या अनुषंगाने आपोआप करावे लागेल. किती दुकाने सावरली, हे मदत म्हणून वाटलेल्या रकमेची बेरीज सांगू शकत नाही.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकन ही सुरुवात झाली. भोपळा निवडण्यापासून जवारी काढण्यापर्यंतचे, म्हणजे तारेचा झंकार जुळवण्यापर्यंतचे काम हाताला बसायला वर्षे लागतात. म्हणून किती प्रदर्शने भरवली यापेक्षा, शिकायला आलेला तरुण तिसऱ्या वर्षीही सतारमेकर गल्लीत त्याच कामावर आहे का, हे मोजावे लागेल. पथविक्रेत्यांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वनिधी योजनेलाही हीच कसोटी लावावी. पहिले कर्ज किती जणांना दिले यापेक्षा, ते फेडून दुसऱ्या कर्जापर्यंत किती जण पोहोचले, यातून गाडा खरोखर चालला की नाही ते कळते.

आकडे कुठून आणायचे, अशी सबब पुढे येईल. जनगणना आणि आर्थिक गणना यांची वाट पाहत बसलो तर वर्षे जातील, शिवाय या गणना वॉर्डातील चालू स्थिती सांगत नाहीत. घरपट्टी विभागाकडे अनिवासी मिळकतींची यादी आहे, पाणीपुरवठा विभागाकडे व्यावसायिक नळजोडण्यांची आहे आणि व्यवसाय परवान्यांची नोंदही असते. नव्या परवान्यांइतकेच नूतनीकरण न झालेले परवानेही मोजावेत, कारण नुसते नवे मोजले तर बंद पडलेला धंदा कागदावर कधीच दिसत नाही. आज काय स्थिती आहे, हे आधी लिहून ठेवल्याशिवाय पुढची वाढ सिद्ध करता येणार नाही. ही पडताळणी मात्र खर्च करणाऱ्या विभागाकडे सोपवू नये. शहरातील महाविद्यालयांच्या अर्थशास्त्र विभागांना ती देता येईल.

आयुक्त आणि लोकप्रतिनिधी यांनी पुढील अंदाजपत्रकासोबत पाच-सहा उद्दिष्टांचा एक तक्ता जोडावा, त्यात आजचा आकडा, अपेक्षित आकडा, मुदत आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद लिहावे, आणि दर सहा महिन्यांनी तो प्रत्येक प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावावा. जे उद्दिष्ट गाठता आले नाही, त्याच्यासमोर कारणही लिहावे.

आपला,
एक करदाता नागरिक, सांगली