आधी डीपीवर मीटर हवा

महोदय,
घरोघरी स्मार्ट मीटर बसवण्याचा आग्रह आहे, पण बिघाडाचं मूळ बऱ्याचदा डीपीत, म्हणजे वस्तीला वीज देणाऱ्या रोहित्रात (ट्रान्सफॉर्मर) आणि त्याच्या पेटीत असतं. १०० केव्हीएच्या रोहित्रावर दर फेजला सुमारे १३३ अँपिअरपर्यंत भार चालतो. एका फेजवर १६०, दुसरीवर ७० असले तर तिन्ही फेजची बेरीज मर्यादेत दिसते; प्रत्यक्षात एक गुंडाळी तापते आणि न्यूट्रलमधून प्रवाह वाहतो. तिथला लग (तारेच्या टोकाची धातूची जोडणी) ढिला असला की तो जळून न्यूट्रल सुटतो. मग काही घरांत २३०ऐवजी ३००च्या वर व्होल्ट जाऊन फ्रिज, टीव्ही जळतात. डीपीवरच्या मीटरने दर १५ मिनिटांनी तिन्ही फेज आणि न्यूट्रलचा प्रवाह कळवला, तर लाइनमन काही जोडण्या वेळीच दुसऱ्या फेजवर टाकू शकेल. मात्र कोणता ग्राहक कोणत्या डीपीवर, ही नोंद आधी खांबाखांबावर तपासून घ्या. ती चुकली तर डीपीवरचा मीटर आणि घरोघरचे मीटर ताडून काढायचा वीजगळतीचा हिशेब जुळणारच नाही.

– एक वाचक