दंतोपचाराचे एका ओळीचे बिल

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी शहरातील एका खासगी दवाखान्यात माझ्या पत्नीच्या खालच्या दाढेचे रूट कॅनाल झाले. कॅप बसवून दोन महिने उलटले तरी ठणका थांबेना, म्हणून दुसऱ्या दंतवैद्यांकडे एक्स-रे काढला, तेव्हा दाढेच्या मुळात उपचाराच्या बारीक सुईचा तुटलेला तुकडा पांढऱ्या रेघेसारखा स्पष्ट दिसला. सुई कुशल हातातूनही तुटू शकते, तेवढ्यावरून निष्काळजीपणा ठरत नाही, असे या डॉक्टरांनीच प्रामाणिकपणे सांगितले. पण तुकडा आत राहिला आहे, हे रुग्णाला सांगायलाच हवे होते. शिवाय झिर्कोनियाची (म्हणजे धातू नसलेल्या, दातासारख्या पांढऱ्या सिरॅमिकची) म्हणून पैसे घेतलेल्या कॅपची हिरडीलगतची कड धातूसारखी काळसर दिसते. आमच्या हातात मात्र एवढीच पावती आहे : ‘दंत उपचार, ३२ हजार रुपये’. तिच्यावर ना अनुक्रमांक, ना सही, ना कॅपचा प्रकार.

पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच दिला आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर सेवेचे रीतसर बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. नाशिककरांना त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाकडे, ज्याला आपण अजून सवयीने ‘ग्राहक मंच’ म्हणतो, तक्रार करता येते. उपचारासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकील देण्याची सक्तीही नाही. मुदत मात्र दोनच वर्षांची आहे, आणि ‘पुन्हा या, बघू’ असे ऐकत दवाखान्याच्या खेपा घालण्यात ती सहज निघून जाते.

चूक सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदाराची असते, ही खरी अडचण आहे. भलताच दात काढला असेल तर चूक उघड दिसते. रूट कॅनालसारख्या प्रकरणात बहुधा दुसऱ्या तज्ज्ञाचे लेखी मत लागते, आणि ते मत द्यायला तज्ज्ञासमोर आधीचे एक्स-रे व नोंदी असाव्या लागतात. म्हणून दुसरीकडे दाढ उघडण्यापूर्वी पहिल्या दवाखान्याकडे सर्व कागदपत्रे लेखी अर्जाने मागावीत व अर्जाची पोच घ्यावी. घाईने सगळे दुरुस्त करून घेतले की पुरावाही त्यासोबत जातो.

व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे करता येते. परिषद नोंदणीवर कारवाई करू शकते, भरपाई मात्र आयोगच देतो. फौजदारी तक्रारीचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये घोर निष्काळजीपणापुरता मर्यादित केला आहे आणि मला ते योग्य वाटते, कारण चांगला डॉक्टर पोलिसांच्या धाकाखाली काम करू लागला तर नुकसान रुग्णाचेच आहे.

ज्या नाशकात राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, तिथे तरी उपचारापूर्वी लेखी अंदाजपत्रक आणि नंतर दातागणिक तपशील असलेले बिल मिळावे. ही पद्धत येथील दंतवैद्यांच्या संघटनांनी आपल्या सदस्यांमध्ये आग्रहाने रुजवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक