रविवारी मुलांना घेऊन सीएसएमटी

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी बरोबर साडेनऊला मुलांना घेऊन सीएसएमटीला तिकीट खिडक्यांपाशी भेटू. उशीर नको, पुढे मेगाब्लॉकची (दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवण्याची) अडचण होते.

आधी लोकल बघू. डबे मुलांनाच मोजू द्या, बाराची की पंधराची ते त्यांनीच सांगायचं. टपावरचा पेंटोग्राफ, म्हणजे वीज घेणारा सांगाडा, तारेला कसा घासत जातो तेही दाखवा. माझी लेक त्याला 'गाडीचा हात' म्हणते. साडेदहाच्या सुमारास डेक्कन क्वीन येते. 1930 पासूनची आपली लाडकी गाडी, ती चुकवायची नाही.

पिवळ्या पट्टीच्या आत उभं राहायचं, लहानग्यांचा हात सोडायचा नाही. यात सवलत नाही. प्लॅटफॉर्म तिकीट प्रत्येकाने काढावं, ते दोनच तास चालतं. पाणी, टोपी, वही-पेन्सिल आणा.